जीपचे पाटे आणि जाऊबाई

आमची जीप मागनं बसलेली होती. नुसती उभी असली तरी शेपूट खाली आणि तोंड वर. वर्षानुवर्षं भेंडीचे क्रेट, भाताच्या गोणी, लग्नाची भांडी आणि वर माणसं वाहून तिचे मागचे पाटे सपाट झाले होते. पाटे म्हणजे चाकाजवळ कमानीसारख्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, एकावर एक बांधलेल्या, त्या. कमान गेली की गाडी चाकावर टेकते. संध्याकाळी धसईच्या बाजारातून परतताना आमचे हेडलाइट रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवायचे. समोरून येणारे हात वर करून शिव्या घालायचे, आणि आमचे हे म्हणायचे, "बघ, ओळखतात मला सगळे."

पाडा यायच्या आधी एक खडा चढ आहे. तिथं भरल्या गाडीचा टायर वरच्या पत्र्याला घासायला लागायचा, खर्रर्र! ह्यांनी गाडी थांबवून मागं बघितलं की आता कोण उतरणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई. पाड्यात त्यांच्याएवढं वजन कुणाचं नाही.

"वयनी, जरा उतरता का? चढापुरतं."

"गोणी ठेवतोस नि माणूस उतरवतोस रे!" असं म्हणत जाऊबाई उतरायच्या, पदर खोचायच्या आणि गाडीमागून चढ चढायच्या. वर पोचल्या की आधी ह्यांना झापायच्या, मग मला, कारण मी ह्यांची बायको. शेवटी त्यांनी आमच्या गाडीत बसणंच सोडलं. खाली फाट्यापर्यंत पायी जायच्या आणि एसटीनं बाजाराला जायच्या. "एसटीला माझा भार होत नाय," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या.

अशात आमची पोरगी पहिल्या बाळंतपणाला आली. सासर आटगावचं. तिथं सगळं हाताशी, पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरी. आठव्या महिन्यात मुरबाडला तपासायला नेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, जपायला हवं. सध्या घरी पडून राहा, नववा लागला की दवाखान्याजवळ येऊन राहा. आणताना आडवी झोपवून आणा, धक्के बिलकूल नकोत, रक्त जायला लागलं तर अवघड होईल. माझी बहीण दवाखान्याच्या गल्लीतच राहते, म्हणून राहायची काळजी नव्हती. काळजी होती ती गाडीची. आमच्या पाड्यावर जीपशिवाय दुसरं काही येत नाही, आणि त्या दिवशी परत येताना प्रत्येक खड्ड्याला गाडीचा मागचा भाग धाडकन आपटत होता. पोरगी ओठ चावत घरी आली. हे त्या रात्री जेवले नाहीत.

न्यायच्या आदल्या दिवशी हे मुरबाडला पाटेवाल्याकडं गेले. तो म्हणाला, आहेत त्या पाट्यांना कमान मारून देतो, वर एक नवा टाकू, काम भागेल. आता एवढं ऐकून माणसानं गप बसावं की नाही? पण हे कसले बसतात!

"एकानं काय व्हतंय? तीन टाक. माझी पोरगी जायची हाय."

"काका, रिकामी गाडी उडेल."

"उडू दे. बसायला नको."

संध्याकाळी जीप अंगणात आली ती शेपूट आभाळात करून. कोंबडी दाणे टिपताना दिसते ना, अगदी तशी. ह्यांची छाती फुगलेली. "बघ, कशी उभी हाय!"

"उभी कसली? वाकून कायतरी शोधतेय," मी म्हटलं. पण मनातून मलाही बरं वाटलं. माणसानं पोरीसाठी केलं होतं.

सकाळी उठून मी पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा गाडीत मागं ठेवला आणि ह्यांना म्हटलं, पुढच्या आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन या. गाडी गेली ती उड्या मारत. परत आली तेव्हा हंडा अर्धा, आणि बाकीचं पाणी ह्यांच्या पाठीवर.

माझं डोकंच फिरलं. "आता गं बया! ह्या गाडीत पोरीला घालू? डोक्यावर पडलात का? एक सांगितला तर तीन कशाला टाकले?"

"मला वाटलं, जास्ती टाकले की जास्ती बरं."

"भाजीत मीठ पण असंच टाकता का?"

पाटेवाल्याला फोन लावला, तर तो दुकान बंद करून लग्नाला गेलेला. मागं बँजो वाजत होता. तो ओरडून म्हणाला, "सांगितलं होतं ना काका! आता वजन टाका मागं. वजन पडलं की पाटे नरम होतात!" इकडं पोरगी घरात कुशीवर पडून म्हणत होती, आई, ओटीपोटात जरा दुखतंय गो. थांबायची सोय नव्हती, आणि त्या गाडीत घालायची हिंमत नव्हती. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, हंड्यातलं पाणी सांडायचं थांबल्याशिवाय माझी पोरगी गाडीत चढणार नाही.

मग लागला पाडा कामाला. आमचं भात नुकतंच गिरणीला गेलं होतं, घरात थोड्याच गोणी उरलेल्या. त्या गाडीच्या तळाला आडव्या अंथरल्या. गाडी आंब्यापर्यंत गेली, आली. हंडा पाऊण. शेजारच्यांनी त्यांच्या गोणी दिल्या. तरी पाणी हिंदकळतच होतं. मग माणसं चढली. धाकटे दीर, शेजारीण, तिचा नवरा, असे एकेक जण दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसले. कुणी विचारलं नाही की मुरबाडला जाऊन करायचं काय. कडेवर पोर घेऊन चढायला निघालेल्या एकीला मी म्हटलं, "अगो, पोराला ठेव घरी," तर म्हणाली, "असू दे, तेवढंच वजन."

आता पाणी अगदी थोडं सांडत होतं, पण सांडत होतं. दीर म्हणाले, "अजून एक माणूस पायजे. भारी." सगळ्यांच्या माना एकाच घराकडं वळल्या.

ह्यांची काही जायची छाती नव्हती. मीच गेले. जाऊबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या.

"आज कशी आठवण झाली? चढ आला का?"

"बाई, चढ नाय. पोरगी हाय. तुमच्याबिगर गाडी नरम व्हत नाय." भांडायला आले असते तर बरं जमलं असतं.

त्या मग उठल्या. "थांब. पातळ बदलते."

"आता?"

"मला गाडीत बसायला बोलवायला आलीस. मी काय अशीच येऊ?"

ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून जाऊबाई आल्या आणि दोघांचे हात धरून मागं चढल्या. पाटे कुईं करून वाजले आणि जीपचं शेपूट खाली आलं, सरळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाडी आंब्यापर्यंत जाऊन आली. हंड्यातलं पाणी नुसतं हललं. जाऊबाई म्हणाल्या, "काढा तो हंडा नि आणा माझ्या पोरीला."

गोणींवर गादी घातली, पोरीला कुशीवर झोपवली. डोकं जाऊबाईंच्या मांडीवर. मी पुढं बसले, पण सगळा वेळ मान मागंच. खड्डा आला की जाऊबाई वरून हुकूम सोडायच्या, "हळू रे! डावीकडनं घे! दगड दिसत नाय का?" आणि हे गरीब गाईसारखे, "व्हय वयनी." गाडी अशी डुलत उतरली की पोरीचा फाट्यावर डोळा लागला. मला मात्र तिथं रडू फुटलं. दवाखान्याच्या दारात गाडीतून एवढी माणसं उतरताना बघून नर्सनं विचारलं, "हे सगळे पेशंटचे कोण?"

जाऊबाई पातळ झटकत म्हणाल्या, "आमी वजन हाय."

पोरीला त्याच दिवशी ठेवून घेतलं, पडून राहायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला मुलगी झाली, ऑपरेशन करून, दोघी सुखरूप. मधल्या दिवसांत ह्यांनी पाटेवाल्याकडं जाऊन जास्तीचे दोन पाटे काढून घेतले. आता गाडी खरंच छान झाली होती. रिकामी चालवली तरी पाण्याचा थेंब सांडत नव्हता.

घरी न्यायच्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन दवाखान्याबाहेर आलो, तर दारात अख्खा पाडा. सकाळची एसटी पकडून आलेले. पुढं जाऊबाई, तेच हिरवं पातळ.

"चला," त्या म्हणाल्या, "वजन आलंय."

ह्यांनी तोंड उघडलं, "अवो वयनी, पण आता ते पाटे..." मी ह्यांचा पाय असा दाबला की पुढचं वाक्य आलंच नाही. सगळे चढले. बाळ जाऊबाईंच्या मांडीवर. जीप मागनं पार खाली बसली.

धसई गेली, फाटा गेला, चढ आला. अर्ध्या चढावर खर्रर्र! ह्यांनी सवयीनं गाडी थांबवली आणि मागं बघितलं. जाऊबाईंनी एक हात बाळाखाली घातला, दुसऱ्या हातानं पदर खोचला आणि बाळ माझ्याकडं द्यायला पुढं केलं.

"बसा हो बाई," मी म्हटलं. आणि ह्यांना म्हटलं, "चला तुमी. घासू दे टायर."