पास्कू मास्तरांचं बुलेटिन

माझं बुलेटिन वाचून संपलं होतं, तरी एकही माणूस उठेना. सगळ्यांच्या माना पास्कू मास्तरांकडे वळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे रोजचंच होतं.

लढाईचे दिवस होते. मी सरकारी प्रसिद्धी खात्यात रेडिओ ऑपरेटर होतो. गास गावात क्रूसासमोरच्या ओट्यावर आमचा सेट असे. तो बॅटरीवर चाले आणि ती चार्ज करायला दर आठवड्याला वसईला न्यावी लागे. दिवेलागणीला मुंबईच्या बातम्या लागत, पण खरखर इतकी की निम्मं कळत नसे. म्हणून मी मुद्दे टिपून घेई आणि नंतर मोठ्यानं वाचून दाखवी. त्यालाच आम्ही बुलेटिन म्हणायचो. खात्याचा नियम होता: टिपलंय तेवढंच वाचायचं, पदरचं काही नाही.

मी साताऱ्याचा. माझं वाचन स्वच्छ, उच्चार चोख. पण मी थांबलो की शाळेतले पास्कू मास्तर उभे राहत आणि तेच गावच्या बोलीत सांगत. ती बोली मला ओ की ठो कळत नसे. माझ्या तीन मिनिटांच्या बातम्यांना ते वीस मिनिटं घेत. लोक हसत, बायका डोळ्यांना पदर लावत. सेट माझा, बॅटरी मी वाहायची, घसा मी कोरडा करायचा आणि ऐकायचं कोणाचं, तर त्यांचं. खरं सांगतो, मी जळत होतो. ते समोरून आले की मी दुसऱ्या वाटेनं जाई.

जपान्यांच्या हाती रंगून पडलं, त्यानंतर माझा संयमच सुटला. मी वाचलं, 'आपल्या फौजांनी योजनेनुसार माघार घेतली आहे.' लोक ढिम्म. मास्तर बोलायला लागले आणि पुढं बसलेली रेजीन बाय हुंदके द्यायला लागली. तिचा एकुलता एक मुलगा रंगूनला एका गोऱ्या साहेबाकडे कुक होता. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. त्याच्यासाठी चर्चमध्ये मेलेल्यांची मिस्सा सांगावी की वाट बघावी, हे तिला ठरवता येत नव्हतं.

त्या रात्री मी खात्याला तक्रार लिहिली: मास्तर बातम्यांत स्वतःची भर घालतात. त्या काळात अफवा पसरवणं म्हणजे गुन्हा. मास्तरांची नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

आठ दिवसांनी आमचे इन्स्पेक्टर आले. बरोबर त्यांचा शेजारच्या बोळिंज गावचा कारकून होता, त्याला ती बोली येत होती. दोघं मागं बसून ऐकत राहिले. मास्तरांचं झाल्यावर साहेबांनी मला बाजूला बोलावलं आणि कारकुनाला विचारलं, काय सांगितलं यानं?

कारकून म्हणाला, "रंगूनहून आपली माणसं जंगलातून पायी निघाली आहेत. वाटेत पोस्ट नाही. पत्र आलं नाही म्हणजे माणूस गेला असं धरू नका."

साहेब माझ्याकडे वळले. "हे तुमच्या बुलेटिनमध्ये होतं?"

"नव्हतं साहेब," मी जवळजवळ आनंदानं म्हणालो. "एक शब्दही नव्हता."

कारकून अडखळला. "पण साहेब, तो हे स्वतःचं म्हणून सांगत नाही. दर वाक्याला म्हणतो, सबनीस साहेब असं सांगतात."

सबनीस म्हणजे मी. त्या बोलीत 'स'चा 'ह' होई, म्हणून माझंच नाव मला कधी ओळखू आलं नव्हतं.

साहेबांनी रेजीन बायला बोलावलं आणि ही बातमी कोणी दिली ते विचारलं. तिनं माझ्याकडे बोट केलं. मास्तर मागं उभे होते. ते पुढं येऊ लागले, पण बाय आधी माझ्यासमोर आली.

"साहेब, पोरगा चालत येतोय हे तुमीच सांगितलं ना? खरं ना ते?"

नाही म्हणालो असतो तर माझी नोकरी वाचत होती. मास्तरांची जात होती. आणि तिनं दुसऱ्याच दिवशी मिस्सा सांगितली असती.

"खरं आहे, बाय," मी म्हणालो. "मीच सांगितलं."

साहेबांनी खिशातून माझी तक्रार काढली, माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात मेमो आला. अनधिकृत बातम्या दिल्याबद्दल माझी बदली डहाणूच्या गोदामात, बॅटऱ्या मोजायला.

निघायच्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, माझं नाव कशाला घातलंत? ते ओशाळले. म्हणाले, "तुळिंजला एक जण रंगूनहून चालत आला, त्यानं सांगितलं होतं. पण मी इथं पाढे शिकवणारा. माझ्या शब्दावर कोण धीर धरणार? तुम्ही सरकारचे."

म्हणजे लोकांच्या ज्या ऐकण्यावरून मी चार महिने जळलो, ते सगळं माझ्याच नावावर जमा होत होतं आणि ते मला एकट्याला कळत नव्हतं.

रेजीन बायचा मुलगा आला की नाही, ते मला कधीच कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. डहाणूला मात्र पहिल्या दिवसापासून मी हमालांशी बोलून तिथली बोली शिकायला लागलो. तक्रार काय, नंतरही लिहिता येते.