मंदाचं न धुतलेलं पातळ

या सर, असे जवळ येऊन बसा. दुरून कावून बोलून राहिले? माझी नणंद मंदा गेली त्याला दीड महिना झाला; अकोल्याहून अमरावतीला यायला तुम्हाला फुरसत झाली नाही. मागच्या रविवारी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मात्र लिहिलंत, ‘मंदाला आम्ही लेकीसारखं जपलं.’ वाचता वाचता माझा चहा गार झाला... म्हणून मीही उत्तर इथंच लिहिते.

तरुणपणी मंदा तुमच्या प्रयोगशाळेत गंधकाच्या रसायनांवर काम करायची. त्यांच्यात ऑक्सिजन किती वेळात शिरतो, कोणत्या पायऱ्यांनी शिरतो, हे मोजायचं. ऑक्सिजन देणाऱ्या परमँगनेटचा जांभळा रंग उडेपर्यंत घड्याळ धरून बसायची. पण वास! सडक्या कांद्याचा, केसांत मुरलेला. एसटीत तिच्या शेजारी कोणी बसायचं नाही. ती यायच्या वेळेला मी तिचं पातळ बुडवायला परसात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची बादली भरून ठेवायची. “बुडव वो वहिनी,” ती हसायची, “गंधकाले ऑक्सिजन भेटला का वास मरते.” मी चौथी शिकलेली. पायऱ्या कितीही असोत, सगळ्यात हळू पायरीच वेळ ठरवते, हे मला तिनं त्या बादलीपाशी शिकवलं.

ती हळू पायरी शेवटची, असं तुम्ही म्हणायचे. मंदाचं मोजमाप सांगत होतं, नाही, पहिलीच. गंधकाजवळ दुसऱ्या अणूंची गर्दी झाली की सगळंच मंदावतं. भरल्या सभेत ती हे सांगायला उभी राहिली, आणि तुम्ही नाकाला रुमाल लावून म्हणालात, “आधी आंघोळ करून या, मग आम्हाला शिकवा.” सगळे हसले. मंदा खाली बसली, ती पुन्हा कुठंच बोलायला उभी राहिली नाही. संशोधन अर्ध्यावर सुटलं. पोरांच्या शिकवण्या घेत जन्म गेला.

त्या संध्याकाळी बादली भरलेलीच होती. “आण पातळ,” मी म्हटलं.

“हे बुडवाचं नाही, वहिनी.” तिनं ते सभेत नेसलेलं पातळ पत्र्याच्या डब्यात कोंबलं, झाकणाच्या कडेनं मेण ओतलं.

“कावून वो?”

“हवा लागली नाही तं वास टिकते. सरायले एक दिवस हुंगू देजो.”

माणूस गेलं की राग सोडावा म्हणतात. मी नाही सोडत. माझा राग हळू आहे, पण वेळ तोच ठरवेल.

डबा तिच्या खोलीत आहे, मेण शाबूत. लवकर या सर, तुमचंही वय झालं. खुर्ची मांडली आहे, खिडक्या मी लावून घेईन. येताना रुमाल तेवढा आणू नका.