तेल पाजलेला कॅमेरा

नौपाड्यातले एक स्टुडिओवाले काका आपला जुना कॅमेरा विकताहेत असं कळलं, आणि मी कल्याणहून जाऊन तो घेऊन आलो. कारण एकच. बाबा कारखान्यात बत्तीस वर्षं लेथ मशीनवर होते आणि मार्चमध्ये निवृत्त होणार होते. घरच्यांना आत सोडत ते फक्त दसऱ्याला, मशीनच्या पूजेला. मला त्यांचा त्यांच्या लेथसमोर एक फोटो हवा होता. हा दसरा चुकला की संपलं.

दसऱ्याच्या सकाळी रोल भरून मी तयार झालो, तर बाबा दारातल्या उजेडात पाटावर बसलेले. समोर पूजेचं तबक आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी.

"आण तुझं मशीन."

"बाबा, कॅमेऱ्याला तेल नाही घालत."

"कोणी सांगितलं? कडं बघ किती जड फिरतंय."

बत्तीस वर्षांपुढे माझं काय चालणार? त्यांनी सुईच्या टोकानं लेन्सच्या कड्यात दोन थेंब सोडले. कडं खरोखरच हलकं फिरू लागलं. मग त्यांनी गंधात बोट बुडवलं. "सरळ धर." बोट थेट काचेकडे यायला लागलं, मी दचकलो आणि बटण दाबलं गेलं. गंध कसंबसं कॅमेऱ्याच्या कपाळपट्टीवर लागलं. एक फोटो फुकट गेला म्हणून मी कारखान्यापर्यंत धुसफुसत होतो.

तिथे बाबा इस्त्रीच्या शर्टात लेथशेजारी उभे राहिले. लेथला झेंडूचा हार होता आणि दोघंही सारखेच ताठ होते. मी अख्खा रोल संपवला. प्रत्येक वेळी खटका छान वाजला.

रोल धुऊन आला तेव्हा पाकिटात एकच फोटो होता. बाकी रोल कोरा.

बाबांना घेऊनच मी डोंबिवलीला गेलो. तिथे एका जिन्याखालच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ कॅमेरे दुरुस्त करत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून लेन्स उघडली.

"याला तेल कोणी पाजलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"का?"

"दसरा होता."

ते गृहस्थ पटल्यासारखी मान हलवून कामाला लागले. तेल हळूहळू आत झिरपून शटरची पाती एकमेकांना चिकटली होती. वर खटका वाजत होता, आत काही उघडत नव्हतं. "कॅमेरा कोरडाच चालतो," ते म्हणाले. बाबांनी पाती पुसली जाताना शेवटपर्यंत वाकून पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाले, "तू सांगत होतास, मी ऐकायला हवं होतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. मला राग धरायचा होता, तो जमला नाही.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. कॅमेरा अजून उत्तम चालतो. लेथसमोरचा फोटो नाही तो नाहीच.

तो एक फोटो मात्र मी फ्रेम करून लावलाय. पुढे गंधाचं बोट, मोठं आणि धूसर. त्यामागे बनियनमधले बाबा, भुवया आवळून, श्वास रोखून, माझ्याकडे नाही, मशीनकडे बघताहेत. लेथवर बत्तीस वर्षं ते असेच दिसत असणार.