मस्कतमधली पंच्याहत्तरी आणि आईनं सोडलेलं मीठ

तमाम भाऊबंद, सोयरे, दुकानाची गिऱ्हाइकं आणि नळदुर्गातले समस्त हितचिंतक यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या आईच्या रक्तातलं मीठ संपलं आहे.

हे माझं म्हणणं नाही. मस्कतच्या एका दवाखान्यात, तातडीच्या विभागात, एका मल्याळी डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता हे हिंदीत सांगितलं. मी नळदुर्गात बी-बियाणांचं दुकान चालवतो आणि गावातल्या लग्न-बारशांचं सूत्रसंचालन हौसेनं करतो, त्यामुळं गंभीर घोषणा मला नव्या नाहीत. पण ही ऐकून मी शेजारच्या चाकाच्या खुर्चीत बसलो. एका नर्सनं मला तिथून उठवलं. ती खुर्ची आईसाठी होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हायपोनॅट्रेमिया. म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. सोडियम हा मिठातलाच भाग. ते एकशे पस्तीसच्या वर असावं लागतं, आईचं एकशे चौदा होतं. इतकं उतरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूला सूज येते. मग माणूस बरळतो, पेंगतो, त्याला फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

आम्ही आलो होतो वाढदिवसाला. माझा धाकटा भाऊ सुधाकर मस्कतला एका कंपनीत वातानुकूलन यंत्रांचा फोरमन आहे. आईची पंच्याहत्तरी आपल्याकडं करायची, असा त्याचा हट्ट. आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळं तिची जन्मतारीख आधार कार्डवाल्यानं ठरवली, एक जून. त्याच्या कृपेनं आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. मी छोटंसं भाषण लिहून घेतलं, बायकोनं शेंगाची चटणी बांधली आणि हैदराबादहून आमचं विमान उडालं. आईनं खिडकीतून ढग बघितले आणि म्हणाली, “एवढा कापूस, आन् येचाया कुणी न्हाय.”

खरं तर आजार आमच्याबरोबरच विमानात बसला होता. महिनाभर तिला थकवा होता, जेवण कमी झालं होतं, चालताना तोल जायचा. आम्ही म्हणालो, वय झालं. मस्कतला उतरल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. आम्ही म्हणालो, ऊन लागलं. जूनच्या तोंडावरचं तिथलं ऊन म्हणजे ऊन कसलं, भट्टीच. मग सगळ्यांनी मिळून तिला पाणी पाजलं. सुधाकरची मुलगी तर दर थोड्या वेळानं बाटली घेऊन आजीसमोर उभी राहायची. सोडियम कमी झालेल्या माणसाला आम्ही प्रेमानं आणखी पातळ करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. आईनं मला बघून डोक्यावर पदर ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, “भाऊजी, हे रानात गेल्यात. मागनं या.”

भाऊजी म्हणजे माझे चुलते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं घर चेष्टेखोर, मला वाटलं आई नाटक करते आहे. मग मीही भाऊजी झालो. मिशीवरून हात फिरवून घोगऱ्या आवाजात म्हणालो, “बरं, चहा तरी घ्या वैनी.” सुधाकरची बायको नीता दारात उभी राहून हसत होती. आईनं कप घेतला आणि चहा हळूच उशीवर ओतला, रोपाला पाणी घालावं तसा. मग कुणीच हसलं नाही.

दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, म्हणजे डोक्याचे आडवे फोटो. ते ठीक आले. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि घोषणा झाली. डॉक्टरांनी विचारलं, “बीपी की कौन सी गोली?” मी पाकीट दाखवलं. त्या गोळीत थायाझाइड होतं. ते लघवीवाटे पाणी आणि सोडियम बाहेर काढतं. काहींना ती गोळी वर्षानुवर्षं चालते, काहींचं सोडियम उतरवते. “और नमक? बिलकुल नहीं खातीं क्या?”

“खातात की,” नीता म्हणाली आणि थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “भाऊजी, आत्याबाई आल्यापासून दहीभात आन् कोरडी चपातीच खायलाल्यात. भाजीला हातच लावला न्हाय.”

मला आमचं नळदुर्गचं स्वयंपाकघर आठवलं. आई भाजीत मीठ पडायच्या आधी आपली वाटी बाजूला काढायची. तिला बीपी आहे म्हणून पाहुण्यांसमोर आम्ही तिचं कौतुक करायचो, “पथ्य पाळावं तर आमच्या आईनं.”

तिला आयसीयूत ठेवलं. नेहमीपेक्षा जास्त मिठाचं सलाइन थेंब-थेंब सुरू झालं. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, एकदम का नाही देत? ते म्हणाले, एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, रोज थोडंच वाढवायचं. आम्ही बाहेर बसून राहिलो. समोर एक ओमानी आजोबा जपमाळ ओढत होते. त्यांनी मला खजूर दिला. मी त्यांना शेंगाची चटणी दिली. त्यांनी चाखली, डोळे पुसले आणि तरीही पुडी परत केली नाही.

दर तपासणीत आकडा थोडा चढायचा. एकशे अठराला आईनं डोळे उघडले. एकशे चोवीसला मला म्हणाली, “थोरल्या, दाढी कर.” मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडलो आणि मग खरंच दाढी केली.

साध्या वॉर्डात आल्यावर नर्सनं मीठ घातलेलं सूप आणलं. आईनं ओठ घट्ट मिटले.

“आई, पी की.”

“सरक. माझं मीठ सोडल्यालं हाय.”

“कवापासनं?”

“नवरात्रापासनं. सुध्याचं काम सुटलं व्हतं न्हवं, तवा. त्याला काम लागू दे, त्याच्या घरी जाऊन त्याच्या हातानं रांधल्यालं खाईन, तवाच मिठाला शिवीन, असं तुळजापुरात बोलले म्या. पंच्याहत्तरीला नेम सोडणार व्हते.”

सुधाकर पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो मुळातच कमी बोलतो, त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

मी सलाइनकडं बोट केलं. “आन् ह्यात काय हाय म्हणतीस? मीठच जातंय की तुझ्या अंगात.”

आईनं थोडा विचार केला. “ते जिभेला न्हाय लागत. ते चालतंय.”

मी तुळजापूरला आमच्या पुजाऱ्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून आईच्या हातात दिला. पुजारी म्हणाले, “आजी, देवीच्या नैवेद्यात रोज मीठ असतंय. तिला काय कमी पडलं म्हणून तुमचं अडवून ठेवील? बिनधास्त खावा.” आई म्हणाली, “त्यांचं काय जातंय बोलाया? बोलल्याली मी हाय.” आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टर आले. म्हणाले, गोळी बदलली आहे, पाणी मोजून द्यायचं आहे, पण पोटात मिठाचं जेवण गेलं नाही तर आकडा पुन्हा खाली येईल आणि मी घरी सोडणार नाही. म्हणजे घरी गेल्याशिवाय मीठ नाही आणि मीठ खाल्ल्याशिवाय घर नाही.

तेव्हा सुधाकर बोलला. आवाज चढलेला होता. “आई, कुठलं घर धरून बसलीस तू? भाड्याचा फ्लॅट हाय तो. उद्या कंपनीनं जा म्हणलं की तोबी न्हाय. तू हाईस तिथं माझं घर. म्या उद्या इथंच आणतो करून.”

आईनं विचारलं, “तुला रांधता येतंय का?”

“न्हाय.”

“मंग आज शिक.”

इथं थोडं थांबून, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना सांगतो. बीपीची गोळी घेणारं माणूस थकत असेल, मळमळत असेल, अचानक माणसं विसरत असेल, तर वय झालं म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा, सोडियम तपासायला सांगा. आपल्या मनानं मीठ बंद करू नका, वाढवूही नका. आणि त्यांनी ताटातलं काय बाजूला सारलंय ते बघा. कशासाठी सारलंय, तेही विचारा. आम्ही कौतुक केलं, विचारलं मात्र नाही.

पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी सुधाकरनं मुगाची मऊ खिचडी केली. हातभार लागला तर नवस बाटेल म्हणून नीता स्वयंपाकघराच्या दारात हात पाठीमागं बांधून उभी होती आणि तिथून हुकूम सोडत होती. पहिली खिचडी करपली. दुसरी डब्यात भरली.

वॉर्डात दिवा लावायची परवानगी नव्हती. नीतानं कुंकू लावून सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं. नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. मी माझं भाषण काढलं आणि “आदरणीय व्यासपीठ” एवढं म्हणून परत खिशात ठेवलं, कारण सुधाकरनं डबा उघडला होता.

त्यानं पहिला घास भरवला. आईनं डोळे मिटले. तिचे गाल हलायचे थांबले, मग पुन्हा हलायला लागले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. सुधाकरनं विचारलं, “जमलंय का?” तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा घास. डबा अर्धा झाल्यावर तिनं डोळे उघडले, माझ्याकडं वळली आणि भरल्या तोंडानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “थोरल्या, आधीच सांगून ठेवते. तुझ्यावर कवा काय येळ आली तर म्या मीठ सोडणार न्हाय. कारलं सोडीन.”