लाल खुणेची परात

अण्णा गेले हे मला गाडीत बसलेली असतानाच कळलं, आणि ते तिथंच कळायला हवं होतं असं आता वाटतं. जर्मनीतल्या एका लहान गावात, सकाळच्या तिसऱ्या आजीबाईंच्या दारात मी नुकतीच गाडी लावली होती. फोन काकूंचा होता, अण्णांच्या बायकोचा. "पोरी, तुझे अण्णा गेले. झोपेतच..." एवढंच बोलल्या. रडू आलंच, पण त्याआधी, खरं सांगते, मी स्टिअरिंगचं चाक सरळ आहे ना ते पाहिलं. ती सवय त्यांनीच लावलेली.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती, करमाडचे, बारा वर्षं मस्कतला बस चालवून गावी परतलेले. मी शहरातल्या छावणी भागात राहणारी नर्स. गाडीचा परवाना कॉलेजात असतानाच काढलेला, पण जालना रोडवर एकदा ट्रकखाली जाता जाता वाचले आणि तेव्हापासून तो पर्समध्येच पडून होता. जर्मनीत काम मिळालं ते नेमकं घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं. गाडी चालवता आली तरच ते टिकणार. आपला परवाना तिथं सहा महिने चालतो, तेवढ्यात हात बसवून त्यांची परीक्षा द्यायची. तिथं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची आणि चाक डावीकडं. मी नोकरीवर पाणी सोडायच्या बेतात होते, तेव्हा बाबा मला जवळजवळ ओढतच करमाडला घेऊन गेले.

अण्णांनी माझा परवाना उलटसुलट करून पाहिला. "तुला गाडी येती, पोरी. भ्याव जात नाय, एवढंच." मग आत जाऊन त्यांनी काकूंची पीठ मळायची परात आणली, नातीच्या नेलपॉलिशनं तिच्या काठावर लाल ठिपका दिला, मला आपल्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसवलं आणि परात हातात दिली. "हे तुझं चाक. लाल खूण वर, म्हंजे चाक सरळ." उजवीकडं बसून गाडी ते चालवणार, मी परात फिरवणार आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलणार. आठवडाभर मी परात धरून "पुढं ट्रॅक्टर, वेग कमी, आरशात कुणी नाही" अशी बडबडत करमाडभर फिरले. बसथांब्यावरची माणसं टकमका बघायची. लाज वाटायची... आणि कधीतरी ती वाटायची थांबली.

दुसऱ्या आठवड्यात खरं चाक हातात आलं. तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात अण्णांनी पांढऱ्या फक्कीनं रस्ते आखले होते, गोल चौक, थांबायच्या रेघा, सगळं तिकडच्यासारखं. गावानं त्या तुकड्याला 'फॉरेन' असं नावही देऊन टाकलं. चौकात पाटी नसली तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियम. तो माझ्या अंगवळणी पडावा म्हणून काकू दोन शेळ्या घेऊन उजवीकडून यायच्या. पहिल्याच वेळी मी हॉर्न वाजवला.

"कुणाला वाजवलास?" अण्णांनी विचारलं.

"शेळ्यांना."

"तिथं हॉर्न म्हंजे शिवी. थांबायचं. त्यांचा मान आधी."

खिडकीजवळून जाताना काकू म्हणाल्या, "व्हय, अन् माझा?"

त्या संध्याकाळी मी चारही चौक न चुकता पार केले आणि गाडीतून उतरून चक्क रानात नाचले, तीस वर्षांची बाई. अण्णा बोनेटला टेकून हसत होते.

जर्मनीत पहिल्याच दिवशी एका सायकलवाल्याला मागे टाकताना मी सवयीनं हॉर्न दिला, आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की अण्णांची शिवी मला तिथं कळली. एकटीनं फेरी करायची वेळ आली तेव्हा निघण्याआधी अण्णांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि बोलत निघाले. "उजवीकडून पांढरी गाडी. थांबले. गेली. आता डावीकडं." पलीकडून ते काहीच बोलायचे नाहीत. फेरी संपली की फक्त "लई भारी". असं रोज, पाच महिने. तिथली परीक्षा पास झाल्याचं कळवलं तेव्हा मात्र म्हणाले, "आता चालवताना फोन करू नको. तुला गरज नाय." मला त्याचा रागच आला होता. कंटाळले असतील बिचारे, असं मी स्वतःला समजावलं.

गेल्या आठवड्यात सुट्टीवर आले. काकूंना भेटायला बाबांच्या गाडीनं निघाले, डावीकडचं दार उघडून ऐटीत बसले, तर समोर चाकच नाही. एकटीच हसत सुटले. मग उजवीकडं बसून, दिसेल ते मोठ्यानं बोलत, ज्या जालना रोडमुळं माझं गाडी चालवणं सुटलं होतं त्याच रोडनं करमाड गाठलं. ट्रक होते, हॉर्न होते. पण किती मजा आली म्हणून सांगू.

काकू दुपारच्या भाकरीचं पीठ मळत होत्या, त्याच परातीत. मी म्हटलं, "काकू, माझ्या रोजच्या फोनचा अण्णांना कंटाळा आला होता ना?"

काकूंचे हात थांबले. "कंटाळा? तुझा फोन आला की हे माझी परात पळवायचे. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे अन् तू डावीकडं म्हणलीस की डावीकडं फिरवायचे. मी पीठ घेऊन उभीच. पाच महिने भाकरीला उशीर."

म्हणजे मी एकटी कधी निघालेच नव्हते. काकूंनी मळलेला गोळा उचलला, परात पुसली आणि बाजूला ठेवताना, अगदी सहज, लाल खूण वर येईपर्यंत फिरवली.