कडेची करडई

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी गव्हाच्या कडेने पेरलेली करडई तण समजून उपटली. नव्या लुगड्याला काटे लागत होते, आणि अक्कल माहेरीच राहिली होती. सासूबाई धावत आल्या तोवर एकच ओळ उरली होती.

हल्ली थंडी माघातच पळते. यंदाही उन्हाने गहू पोसला नाही. ओंबी चोळली की हातात भुसाच जास्त येतो. कडेची करडई मात्र पिवळीधमक उभी आहे, त्याच ओळीच्या बियाण्याची. घराला वर्षाचं तेल तीच देणार. तिला हात जोडताना मला सासूबाईच दिसतात. त्या दिवशी माझ्या बोटांतले काटे काढत त्या म्हणाल्या होत्या, “काटेरी असतं तेच उन्हात तगतं, पोरी. म्हणून तर तुला सून करून आणली.”