सगळ्यांचं उलट

सरांच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही खाण्यानं नव्हे. दुखणं समोर फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभं होतं.

स्पर्धा परीक्षेच्या त्या क्लासात तर्क हा विषय कित्येक वर्षं सरांचा. पोरं त्यांना मागून 'उलटे सर' म्हणायची. कारण त्यांचा धोशाच तो: "युक्तिवादाला कोणतं गृहीतक लागतंच, हे शोधायचंय? पर्याय उलटा करा. युक्तिवाद कोसळला, की तेच उत्तर!" मग ही मॅडम आली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, कालची पोर! एकेक करत सरांच्या बॅचेस तिच्याकडे गेल्या. उरली संध्याकाळची. आज दोघांनी एकेक तास घ्यायचा आणि पोरांनी हात वर करून निवडायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. बॅचमध्ये सरांची लेकही होती, म्हणजे एक हात तरी घरचा.

सरांचा तास झाला. आता ते शेवटच्या बाकावर बसून तिची चूक हुडकत होते.

मॅडमनी लिहिलं, 'कामगार संध्याकाळी मोकळे असतात, म्हणून वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं.' पर्याय होता, 'सगळ्या कामगारांना वाचायची आवड आहे.' "उलटं करू या. एकालाही आवड नाही. मग उघडं ठेवून काय उपयोग? कोसळलं! हेच उत्तर."

सर ताडकन उठले. "साफ चूक! 'सगळ्यांना आहे' याचं उलट 'एकालाही नाही' कसं होईल? 'काहींना नाही' एवढंच! बाकीचे येतीलच की वाचायला. युक्तिवाद ठणठणीत उभा आहे!"

सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. सरांना इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

मॅडम फळ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. "अगं बाई, खरंच की! सपशेल चुकले. माझ्यासारखं आणखी कोण कोण चुकलं?" भराभर हात वर झाले. कुणी लाजत, कुणी हसत. मग त्यांनी सगळ्यांकडून तो पर्याय नव्यानं सोडवून घेतला.

तास संपला. सरांनी मनात हिशेब मांडला: तिची चूक चारचौघांत उघडी पडली, म्हणजे बॅच माझी. मालकांनी विचारलं. सरांसाठी दोन-चार हात. मॅडमसाठी बाकी सगळा वर्ग, आणि त्यात लेकीचाही हात.

घरी जाताना सर धुमसत होते. "चुकली ती! सगळ्यांदेखत चुकली! आणि तू माझी मुलगी असून..."

"बाबा, माझंही तेच उत्तर आलं होतं."

"मग माझ्या तासाला विचारायचं होतंस!"

"तुमच्या तासाला," लेक खाली बघत म्हणाली, "मी वर्षभरात एकदाही हात वर केलेला नाही."